टाकी केवढी, हे कोणी ठरवायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्याकडे नळाला पाणी चोवीस तास येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुठे सकाळी दीड-दोन तास, कुठे संध्याकाळी तासभर, कुठे दिवसाआड. पण हात धुवायला पाणी दुपारी दोन वाजताही लागतं. म्हणून सोसायटीच्या गच्चीवर टाकी असते. येण्याची वेळ आणि वापरण्याची वेळ जुळत नाही तिथे मधे साठवण करावी लागते, एवढं साधं ते तत्त्व. संगणकवाले या साठवणीला 'बफर' म्हणतात.

ही टाकी केवढी असावी, हे ठरवतो बिल्डर. इमारत उभी राहण्याआधी, तिथे कोण राहायला येणार हे ठाऊक नसताना, तो एक आकडा धरतो आणि सिमेंटात ओततो. पुढे वीस बिऱ्हाडांची चाळीस झाली, तळमजल्यावर दवाखाना आला, तरी टाकी तेवढीच. आज मला ज्या टाक्यांविषयी बोलायचं आहे त्या संगणकाच्या पोटात असतात. तिथलीही तक्रार अगदी हीच होती, आणि ती दूर व्हायला बरीच वर्षं लागली.

संगणकावर आपण पत्र लिहितो, चित्र पाहतो, गाणी ऐकतो. या साऱ्या आज्ञावल्यांच्या खाली एक मूळ आज्ञावली अखंड चालू असते. तिला 'कर्नल' म्हणतात, म्हणजे गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, कोणाचं काम आधी करायचं, तारेवरून आलेला मजकूर कोणाच्या हवाली करायचा, हा सगळा कारभार कर्नलचा. आपण त्याला कधी पाहत नाही, जसं सोसायटीतला पंप सुरू करणारा माणूस आपल्याला पाणी गेल्यावरच आठवतो.

१९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मंडळींनी आपल्या युनिक्सची '४.२ बीएसडी' ही आवृत्ती बाहेर काढली. इंटरनेटची टीसीपी-आयपी ही बोली तिच्या कर्नलमध्येच बसवलेली होती. तारेवरून येणारा मजकूर लहान-मोठ्या तुकड्यांत येतो. तो ठेवायला त्यांनी मेमरीचे छोटे डबे केले, १२८ बाइटांचे. नाव 'एम-बफ', म्हणजे मेमरी बफर. मोठ्या तुकड्यांसाठी मोठे डबे, त्यांना 'क्लस्टर' म्हणत. पुढे फ्रीबीएसडी या त्याच घराण्यातल्या यंत्रणेत हा मोठा डबा २,०४८ बाइटांचा झाला. इथरनेटच्या तारेवरचा तुकडा जास्तीत जास्त १,५०० बाइटांचा असतो. तो एका डब्यात अख्खा मावतो आणि थोडी जागा उरते. सोय चांगली होती.

पण डबे किती असावेत? इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. सर्वसाधारण आज्ञावलीला मेमरी कमी पडली, तर तिचा काही भाग तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवता येतो. कर्नलच्या या डब्यांना ती सवलत नाही. तार बोलू लागली की डबा त्याच क्षणी हाताशी हवा. डिस्कवरून आणेपर्यंत पुढचे शंभर तुकडे दारात येऊन पडलेले असतात. म्हणजे या डब्यांना दिलेली मेमरी ही इतरांच्या तोंडून काढलेली मेमरी. शिवाय बाहेरच्या एखाद्या खोडसाळ माणसाने हजारो जोडण्या उघडल्या, मजकूर मागितला आणि तो उचललाच नाही, तर डबे भरत राहतात. मर्यादा नसेल तर सगळं यंत्र त्यात बुडेल. तेव्हा मर्यादा हवी, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. माझंही नाही. प्रश्न होता तो आकडा कोणाच्या हातात असावा याचा.

बर्कलीच्या घराण्यात हा आकडा एका सूत्रातून निघायचा. त्या सूत्राच्या मुळाशी 'मॅक्सयूझर्स' नावाचा एक अंक होता. नावावरून वाटेल की यंत्रावर किती माणसं काम करणार तो हा अंक. तसं काही नाही. त्यावरून निरनिराळ्या तक्त्यांची लांबी-रुंदी ठरायची. एका वेळी किती कामं चालू शकतील? त्या अंकाच्या सोळापट आणि वर वीस. मोठे डबे किती? सोळापट आणि वर पाचशे बारा. हे सोळा कुठून आले असं विचाराल, तर ते कोणाच्या तरी अंदाजातून आले. अंदाज वाईट नव्हता, पण तो त्या काळच्या यंत्रांचा होता, जेव्हा विद्यापीठाच्या मोठ्या संगणकालाही मोजके मेगाबाइट मेमरी असायची.

हा अंदाज कसा नडतो ते मी पुण्यात पाहिलं आहे. २००० सालाच्या सुमाराची गोष्ट. एका शिक्षणसंस्थेने निकाल इंटरनेटवर लावायचं ठरवलं होतं. यंत्र नवं, १२८ एमबी मेमरीचं, त्यावर फ्रीबीएसडीची तेव्हा प्रचलित असलेली आवृत्ती, जशी सीडीवरून उतरवली तशी. त्याची देखभाल करणाऱ्या दोघांपैकी मी एक. दुपारी अकराला निकाल लागला आणि साडेअकराच्या आत यंत्र मुकं झालं. बंद नाही पडलं, मुकं झालं. कीबोर्डवर टाइप केलेलं दिसत होतं, डिस्क स्वस्थ होती, प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसला होता, आणि बाहेरून मात्र कोणालाच उत्तर मिळत नव्हतं. पडद्यावर कर्नलचा एकच निरोप पुन्हा पुन्हा उमटत होता: मोठे डबे संपले, मॅक्सयूझर्स वाढवा.

हिशेब मांडला तो असा. सीडीवरच्या तयार कर्नलमध्ये मॅक्सयूझर्स ३२. त्याची सोळापट ५१२, त्यात ५१२ मिळवले की १,०२४ डबे. प्रत्येकी २ केबी. म्हणजे १२८ एमबीच्या यंत्रात तारेवरच्या मजकुरासाठी मोठ्या डब्यांची कमाल जागा होती २ एमबी! तेव्हा लोक फोनच्या मोडेमवरून इंटरनेटला जोडले जायचे, मजकूर थेंबाथेंबाने उतरायचा. अशा एका पाहुण्यासाठी पाठवायचा मजकूर १६ केबीपर्यंत अडकून राहायचा, म्हणजे आठ डबे. १,०२४ ला आठने भागा. सव्वाशे संथ पाहुणे आले की खेळ खलास. आणि निकालाला सव्वाशे माणसं म्हणजे काय हो, एका इमारतीतली झाली!

कार्यालयाच्या अधीक्षक बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एवढं महागाचं यंत्र घेतलं आपण. मेमरी संपायला ती काय रेशनवरचं रॉकेल आहे का?" मी म्हटलं, "बाई, मेमरी भरपूर आहे. पण रेशनकार्डावर दोनच लिटर लिहिलेत." "मग कार्डावर चार लिहा की!" त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. अडचण अशी की ते कार्ड कर्नलच्या आत छापलेलं होतं. आकडा बदलायचा तर कर्नलच्या मूळ मजकुरात जाऊन नवा अंक लिहायचा, सगळा कर्नल पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत नव्याने ओतायचा, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. त्या यंत्रावर या कामाला पाऊण तास लागला. निकाल पाहायला आलेल्या मुलांच्या दृष्टीने तो पाऊण तास केवढा असतो, हे आईबापांना विचारा. वर त्या नव्या कर्नलमध्ये दुसरं काही बिघडलं तर काय, ही धास्ती वेगळीच. टाकी मोठी करायला स्लॅब फोडावा लागावा, तसं ते होतं.

बरं, नवा आकडा काय लिहायचा? त्याचंही गणित आहे आणि ते कोणालाही करता येतं. एका वेळी हजार जोडण्या धरा. प्रत्येकीला यायला १६ केबी, जायला १६ केबी. झाले सुमारे ३२ एमबी. गर्दीच्या दिवसासाठी दुप्पट धरा, ६४ एमबी. डबा २ केबीचा, म्हणजे बत्तीस हजारांच्या आसपास डबे. पण १२८ एमबीच्या यंत्रात निम्मी मेमरी तारेलाच दिली तर पानं पुरवणाऱ्या आज्ञावलीने काय खायचं? म्हणजे हजार जोडण्यांचा हट्ट सोडायचा आणि अंथरूण पाहून पाय पसरायचे. हा निर्णय त्या यंत्राशेजारी बसलेल्या माणसालाच घेता येतो. कॅलिफोर्नियात बसलेल्या सज्जनांना पुण्यातला निकालाचा दिवस कसा कळणार?

कर्नल लिहिणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. १९९३ साली बर्कलीच्या ४.४ बीएसडीत 'सिस-सीटीएल' नावाची सोय आली. चालू कर्नलच्या आतले काही ठरावीक आकडे बाहेरून वाचायचे आणि अधिकार असेल तर बदलायचे, अशी ती खिडकी. लिनक्सनेही तशीच खिडकी उघडली. तिथे हे आकडे फायलींसारखे मांडलेले असतात, फाइलीत नवा अंक लिहिला की कर्नलने तो घेतला. पण खिडकी असणं वेगळं आणि हवा तो आकडा त्या खिडकीत असणं वेगळं. डब्यांच्या संख्येचा प्रवास तीन टप्प्यांत झाला. आधी स्लॅब फोडण्याचा काळ, जो मी आत्ता सांगितला. मग फ्रीबीएसडीत यंत्र सुरू होतानाच्या यादीत तो अंक लिहायची सोय झाली. कंपाइल करायला नको, पण एकदा यंत्र बंद करून चालू करावं लागे. त्यानंतरच्या आवृत्त्यांत तो चालू यंत्रावर बदलता येऊ लागला.

तुम्ही म्हणाल, एक अंक बदलायला एवढी वर्षं? अंक बदलणं सोपंच असतं हो, त्या अंकावर विसंबून जे उभं केलेलं असतं ते अवघड. ३२ बिटांच्या यंत्रात पत्ते एकूण ४ जीबीचे, आणि त्यातला एक तुकडाच कर्नलच्या वाट्याचा. त्या तुकड्यात डब्यांसाठी सलग जागा यंत्र सुरू होतानाच आखून ठेवलेली असे. शेजारच्या जागेत दुसऱ्यांचे संसार मांडले गेल्यावर ती भिंत कशी सरकवणार? त्यासाठी मेमरी वाटण्याची पद्धतच बदलावी लागली.

आणि आता आकडा चालू यंत्रावर बदलता येतो, पण त्यात एक मेख आहे. फ्रीबीएसडीत तो वाढवता येतो, कमी करता येत नाही. कमी करायला गेलात तर कर्नल सरळ नकार देतो. मला हा नकार फार शहाणपणाचा वाटतो. समजा तीस हजार डबे वापरात आहेत आणि तुम्ही सांगितलंत, आजपासून मर्यादा वीस हजार. मग ते दहा हजार कोणाच्या हातून हिसकावायचे? त्यात कोणाचा तरी अर्धवट पोचलेला मजकूर आहे. लिनक्समध्ये काही बफरांचे आकडे खाली आणता येतात, पण तिथेही एका किमान पातळीच्या खाली गेलं की कर्नल ऐकत नाही. बदलण्याची मोकळीक द्यायची म्हणजे कोणते बदल चालणार नाहीत हेही त्याच जागी लिहून ठेवावं लागतं. नवशिक्या कर्नलकारांचं निम्मं काम इथे राहून जातं असं माझं निरीक्षण आहे.

अजून एक, अगदी घरगुती. चालू यंत्रावर बदललेला आकडा कर्नलच्या मेमरीत असतो. रात्री वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झालं, की आकडा पहिला. तो कायम राहायला हवा असेल तर सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फायलीत वेगळा लिहावा लागतो. सोमवारी सकाळी 'परवाच तर नीट केलं होतं' असं वाक्य कानावर आलं, की मी आधी ती फाइल उघडायला सांगतो.

इथवर डब्यांच्या एकूण संख्येचं झालं. पण एकेका जोडणीच्या वाट्याला किती साठवण यावी, हा प्रश्न निराळा आहे. त्याचा संबंध अंतराशी येतो.

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगासाठी एक संगणक केंद्र चालवते. मोजमापांचा प्रचंड मजकूर तिकडून इकडे येतो. मुंबई ते जिनिव्हा सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे निरोप जाऊन पोच परत यायला, तार अगदी नाकासमोर टाकली तरी, ६७ मिलिसेकंद. प्रत्यक्ष केबली समुद्रातून वळसे घेत जातात, वाटेत उपकरणं लागतात. आपण हिशेबापुरते १५० मिलिसेकंद धरू.

टीसीपीचा नियम असा, की घेणाऱ्याने 'माझ्याकडे एवढी जागा आहे' असं सांगितलं की देणाऱ्याने तेवढंच पाठवायचं आणि पोचेची वाट पाहायची. १९८१ साली हा नियम लिहिला गेला तेव्हा ही जागा सांगायला १६ बिटांचा रकाना ठेवला. त्यात मावणारा सर्वांत मोठा अंक ६५,५३५. म्हणजे दर फेरीत जास्तीत जास्त ६४ केबी, आणि फेरी १५० मिलिसेकंदांची. भागाकार करा: सेकंदाला साडेतीन मेगाबिट. तार एक गिगाबिटची असो नाहीतर शंभर गिगाबिटची, तुम्हाला मिळणार साडेतीन मेगाबिट! एक टेराबाइट मजकूर आणायला साडेसव्वीस दिवस. तीच एक गिगाबिटची तार भरून वाहिली तर सव्वादोन तास. ती भरून वाहायची, तर वाटेतल्या नळीत जेवढं पाणी मावतं तेवढी टाकी दोन्ही टोकांना हवी. या उदाहरणात ती येते पावणेएकोणीस एमबी.

रकाना अपुरा आहे हे लवकरच ध्यानात आलं. १९९२ साली एक तोड निघाली: अंक तोच, पण त्याला दोनाच्या पटीने गुणायचं, आणि किती वेळा ते जोडणीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायचं. त्यामुळे ६४ केबीची मर्यादा एक जीबीपर्यंत गेली. कागदावर. कर्नलमधला बफर मात्र बहुतेक यंत्रांत जुन्याच मापाचा राहिला. लिनक्समध्ये अनेक वर्षं प्रत्येक टीसीपी जोडणीला सुरुवातीला ८७,३८० बाइट मिळत. किती विचित्र अंक! पण त्याचे तीन चतुर्थांश करून पाहा. बरोबर ६५,५३५. उरलेला चौथा हिस्सा कर्नलच्या स्वतःच्या हिशेबठिशेबाला. १९८१ सालच्या रकान्याची सावली एकविसाव्या शतकातल्या यंत्रांवर अशी पडलेली होती.

तोवर शास्त्रज्ञ मंडळींनी आपला मार्ग काढला होता. एका जोडणीत साडेतीन मेगाबिट मिळतात ना, मग एकाच फायलीसाठी दहा-वीस जोडण्या एकदम उघडा. ग्रिड-एफटीपी नावाच्या साधनात ही सोय मुद्दाम ठेवलेली होती. एका घराला एकच हंडा असा नियम असला की घरातली सगळी पोरं रांगेत उभी करतात, त्यातलाच प्रकार. ज्यांना जमलं त्यांनी बफरांचे आकडे हाताने वाढवले. पण मुंबई-जिनिव्हाला हवा तो आकडा शेजारच्या खोलीतल्या यंत्राशी बोलताना निव्वळ उधळपट्टी ठरतो. हजार जोडण्या गुणिले एकोणीस एमबी, करा गुणाकार.

१९९८ साली पिट्सबर्गच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रातल्या सेम्के, महदवी आणि मॅथिस या तिघांनी एक निबंध मांडला. त्याचा मथितार्थ असा: हा आकडा माणसाने द्यायचाच कशाला? जोडणी चालू असताना किती मजकूर वाटेत आहे हे कर्नलला दिसतंच, त्याने त्या मानाने टाकी फुगवावी नि आवरावी. लिनक्समध्ये ही कल्पना आधी पाठवण्याच्या बाजूला आणि २००४ च्या सुमारास घेण्याच्या बाजूलाही आली. विंडोजमध्ये व्हिस्टाबरोबर आणि फ्रीबीएसडीत २००८ च्या सातव्या आवृत्तीपासून. आता लिनक्सवर तुम्ही एकाऐवजी तीन आकडे देता: किमान, सुरुवातीचा आणि कमाल. मधली हालचाल यंत्राची. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत चांगली कल्पना हीच. छत माणसाने घालायचं, त्याखाली किती उभं राहायचं ते यंत्राने पाहायचं. मात्र छत घालायला विसरून चालत नाही. नेहमीच्या लिनक्समध्ये ते बरीच वर्षं ६ एमबी होतं, आणि आपल्याला तर पावणेएकोणीस लागत होते.

इथे आज्ञावली लिहिणाऱ्या तरुण मित्रांना एक सांगतो. सॉकेट उघडताना आपल्याला हवा तेवढा बफर मागण्याची सोय असते. जुन्या पुस्तकांत 'वेग वाढवण्यासाठी हा आकडा द्या' असा सल्लाही सापडतो. लिनक्सवर तुम्ही तो दिलात की कर्नल आधी त्याची दुप्पट करतो, कारण हिशेबाची जागाही त्यातच लागते. आणि मग त्या जोडणीपुरती घेण्याच्या बाजूची आपली हालचाल थांबवतो. मालकाने आकडा सांगितला, आता मी बोलत नाही, असा त्याचा बाणा. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी हौसेने लिहिलेले ६४ केबी आजच्या वेगवान तारेचा गळा आवळून बसल्याची उदाहरणं मी एकाहून अधिक पाहिली आहेत. कर्नलमधल्या आकड्यांवर रागावणारे आम्ही लोक स्वतःच्या आज्ञावल्यांत मात्र खुशाल आकडे ओततो.

मग सगळ्याच टाक्या मोठ्या कराव्यात का? मेमरी स्वस्त झाल्यावर उपकरणं बनवणाऱ्यांनी नेमकं तेच केलं. घरच्या राउटरपासून मोडेमपर्यंत प्रत्येकाने पोटात मोठाल्या रांगा ठेवल्या, का तर एकही तुकडा सांडायला नको. २०१० साली जिम गेटिस या अनुभवी संगणकतज्ज्ञाला घरच्या इंटरनेटवर मोठी फाइल पाठवताना बाकी सगळं ताटकळताना दिसलं. त्याने माग काढला, तेव्हा हे भरलेले बफर सापडले. टीसीपीला वेग आवरायचा इशारा मिळतो तो तुकडा सांडल्यावर. टाकी अवाढव्य असली तर सांडतच नाही, आणि पाठवणारा ओततच राहतो. तुमचा व्हिडिओ कॉल मग त्या रांगेच्या शेपटीला उभा. कोणी घरात फोटो चढवायला घेतले की बोलणं तुटतं, ते यामुळे. या दुखण्याला नाव पडलं 'बफरब्लोट', बफरची सूज म्हणा.

२०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यावर 'कोडेल' नावाचा उपाय दिला. त्यांनी रांगेची लांबी मोजायचं सोडून दिलं आणि एकेका तुकड्याला किती वेळ थांबावं लागलं ते मोजलं. थांबणं सतत १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं, की तुकडे गाळायला सुरुवात. डबे किती, बाइट किती, हा प्रश्नच बाजूला पडला. तार संथ असो की वेगवान, पाच मिलिसेकंद हे माणसाच्या अनुभवाशी जुळणारं माप आहे. त्याच वर्षी लिनक्समध्ये हा उपाय आला, आणि नेटवर्क कार्डापुढची रांग आपोआप मर्यादेत ठेवणारी व्यवस्थाही आली.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट उरतेच. खिडकी उघडी असली तरी तिच्यातून हात घालणारे थोडे. बहुसंख्य यंत्रं आयुष्यभर मूळच्या आकड्यांवर चालतात. लिनक्समध्ये दारात थांबलेल्या नव्या जोडण्यांची कमाल संख्या वर्षानुवर्षं १२८ होती. ती बदलता येत होती, बदला असं सांगणारे लेखही पुष्कळ होते. तरी मूळ आकडा ४,०९६ व्हायला २०१९ साल उजाडलं. त्यामुळे 'बदलता येतं ना, मग झालं' असं कर्नलकारांनी म्हणू नये. फ्रीबीएसडीने मॅक्सयूझर्स शून्य ठेवला तर यंत्रातल्या मेमरीवरून तो स्वतः काढायची सोय २००२ च्या सुमारास केली आणि पुढे तीच रीत ठेवली, तेव्हा तो निकालाच्या दिवसाचा प्रसंग सीडीवरून जसंच्या तसं उतरवणाऱ्यांवरही येईनासा झाला.

आता नवा पेच भाड्याच्या घरांचा आहे. आज आपलं यंत्र बहुधा आपलं नसतं. दूरच्या कोणाच्या तरी मोठ्या यंत्रावर शेकडो बिऱ्हाडं राहतात आणि कर्नल पुष्कळदा सगळ्यांचा मिळून एकच असतो. लिनक्सने २०१६ पासून प्रत्येक बिऱ्हाडाच्या जोडण्यांची साठवण त्याच्याच मेमरीच्या खात्यावर मांडायची सोय केली. २०१८ पासून जोडणीचे ते तीन आकडे बिऱ्हाडागणिक वेगळे ठेवता येतात. पण टीसीपीने सबंध यंत्रात मिळून किती मेमरी खावी, हा आकडा अजून अख्ख्या यंत्राचा एकच आहे. फ्लॅटमधली लॉफ्टवरची टाकी आपली, गच्चीवरची सोसायटीची. वरची संपली तर कर्नल आजही निरोप लिहितो. त्याचा सूर थोडा मवाळ झाला आहे: टीसीपीची मेमरी संपली, अमुक आकडा बदलण्याचा विचार करावा. पण भाडेकरूला तो निरोप दिसतोच असं नाही, आणि दिसला तरी ती खिडकी त्याच्या घरात नाही. तेव्हा जागा भाड्याने घेताना प्रोसेसर किती, मेमरी किती हे आपण विचारतो, त्याबरोबर यातले कोणते आकडे आपल्याला बदलता येतील आणि कोणते घरमालकाकडे राहतील, हेही विचारून घ्या.